जळगाव ते पुणे: अंतर किती, वेळ किती, आणि विमानाचा वार कोणता

मुंबईच्या वाटेवरचं कुठलंही स्टेशन विचारा, माझे वडील, अण्णा, व्हीटीपासूनचे किलोमीटर सांगतात. मनमाड २६१. चाळीसगाव ३२८. पाचोरा ३७३. जळगाव ४२०. भुसावळ ४४४. त्यांची सगळी नोकरी भुसावळ डिव्हिजनमध्ये गार्ड म्हणून झाली. आधी मालगाड्या, मग पॅसेंजर, शेवटची वर्षं मेल-एक्स्प्रेस. २०२२ साली रेल्वेने त्या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर केलं, पण आमच्या गल्लीत ते अजून गार्डसाहेबच आहेत. आमच्या घरात अंतर म्हणजे रुळाचं अंतर. कोणी म्हणालं, 'नांदगाव जवळच आहे', की अण्णा लगेच विचारणार, 'जवळ म्हणजे किती?' मी पुढे भूगोलाची शिक्षिका झाले, त्यात या प्रश्नाचा मोठा वाटा आहे.

फेब्रुवारीत अण्णांना घेऊन मी जळगावहून विमानाने पुण्याला गेले. तेव्हापासून शाळेत, भाजी बाजारात, लग्नात, जो भेटतो तो विचारतो, 'मॅडम, किती अंतर पडतं? वेळ किती लागतो?' नीट उत्तर द्यायचं तर एका आकड्यावर भागत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

नेटवर जळगाव-पुणे अंतर शोधलं तर एका ठिकाणी ३१८ दिसतं, दुसरीकडे ३९५, तिसरीकडे ४७०. लोक वैतागतात, की यातलं खरं कुठलं. सगळीच खरी आहेत. ३१८ हे पक्ष्याच्या वाटेचं, म्हणजे सरळ रेषेतलं अंतर. चारशेच्या आत-बाहेर दाखवतात ते रस्त्याचं: जळगाव, पहूर, फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, सिल्लोड, फुलंब्री, छत्रपती संभाजीनगर, नेवासा फाटा, अहिल्यानगर, शिरूर, वाघोली. आणि ४७०च्या आसपासचं आहे ते रेल्वेचं. रूळ आधी पश्चिमेला मनमाडपर्यंत जातात, तिथून दक्षिणेला दौंडपर्यंत उतरतात आणि दौंडहून पुन्हा पश्चिमेला पुण्याकडे वळतात. आम्हा भुसावळकरांना त्यात आणखी २४ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पाचशे. एकाच जोडीतल्या दोन गावांमध्ये सरळ रेषेच्या दीडपट वाट रुळांवरून होते, आणि त्याचं कारण जमिनीत आहे. तापीचं खोरं खाली, गोदावरी-भीमेचं पठार वर, मध्ये अजिंठा-सातमाळ्याची रांग. रस्ता घाट चढून जातो, रूळ चढ टाळत लांबून जातात.

नववीच्या वर्गात हे अंतर आम्ही स्वतः काढलं. पोरांना खूप आवडतं, घरी करून बघता येईल. जळगाव विमानतळ साधारण २०.९६ अंश उत्तर, ७५.६३ अंश पूर्व. पुण्याचा लोहगाव विमानतळ १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. अक्षांशांतला फरक २.३८ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर, तेव्हा दक्षिणोत्तर अंतर झालं २६४. रेखांशांतला फरक १.७१ अंश. पण रेखांश ध्रुवाकडे जाताना जवळजवळ येतात, म्हणून आपल्याकडे वीस अंशांवर एक अंश रेखांश भरतो साधारण १०५ किलोमीटर. पूर्व-पश्चिम अंतर १८० धरा. आता पायथागोरस: २६४चा वर्ग अधिक १८०चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ३२०च्या थोडंसं आत येतं. पृथ्वीचा गोलावा एवढ्या छोट्या अंतरात फारसा आड येत नाही, त्यामुळे फूटपट्टीचा हिशेबही नेटच्या आकड्याला एक-दोन किलोमीटरच्या फरकाने जाऊन मिळतो. गणिताच्या सरांनी त्या दिवशी मला चहा पाजला.

मग भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर दोरा ताणला. एक टोक जळगावला, दुसरं पुण्याला. दोरा पाचोऱ्याच्या अंगावरून जातो, बरोबर कन्नडवर येतो, म्हणजे गौताळ्याच्या जंगलावरून. मग वैजापूर उजवीकडे ठेवतो, श्रीरामपूरच्या जवळून गोदावरी ओलांडतो, अहिल्यानगरला अजिबात शिवत नाही, पारनेरच्याही पश्चिमेने जाऊन लोहगावला पोचतो. वर्गातल्या कन्नडच्या एका मुलीने विचारलं, 'मॅडम, म्हणजे विमान माझ्या आजोळावरून जातं?' सरळ गेलं तर जातं, असं मी सांगितलं. विमानालाही आकाशात ठरवून दिलेले मार्ग असतात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होतं, पण भाग तोच.

आपल्याकडे अंतर पायानेही मोजलं जातं, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघते, ती महिनाभराहून जास्त चालते. माझी एक विद्यार्थिनी आजीबरोबर त्या वारीला जाऊन आली. तिला गावांमधले किलोमीटर सांगता येत नव्हते. कुठला मुक्काम आणि कुठल्या गावाने पिठलं-भाकरी वाढली, ते मात्र सगळं क्रमाने पाठ. तिलाही मी भूगोलाचे पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आता वेळ. नेटवर 'फ्लाइट टाइम' म्हणून कुठे पंचवीस मिनिटं दिसतात, कुठे पंचावन्न. पंचवीसचा आकडा आला कुठून, तर ३२० किलोमीटरला जेट विमानाच्या वेगाने भागलं, ताशी आठशेने, झाले चोवीस-पंचवीस. पण जळगावला येतं ते पंख्यांचं एटीआर विमान, ते ताशी पाचशेच्या आसपास जातं. त्याने भागलं तर अडतीस मिनिटं. तेवढ्यातही ते पोचत नाही, कारण कुठलंही विमान धावपट्टी सोडल्या क्षणी पाचशेच्या वेगात नसतं. चढायला वेळ, उतरायला वेळ, आणि एवढ्या छोट्या अंतरात चढणं-उतरणंच निम्मं असतं. त्यात जळगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आणि पुण्याचीही जवळजवळ पूर्व-पश्चिमच, जायचं मात्र नैर्ऋत्येला. म्हणजे उडून वळायचं, आणि तिकडे पोचल्यावर पुन्हा वळून पट्टीच्या रेषेत यायचं. धावपट्टी अशी का, तर आपलं खोरंच तसं आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधून तापी वाहते पूर्वेकडून पश्चिमेकडे, आणि पावसाळी वारा येतो पश्चिमेकडून. विमानाला उडताना-उतरताना समोरून वारा हवा असतो.

पंख्यांचंच विमान का, मोठं जेट का नाही, हेही लोक विचारतात. जळगावची धावपट्टी १७०० मीटरच्या आसपास आहे. मोठ्या जेटला भरल्या पोटाने उडायला याहून लांब पट्टी लागते, एटीआरला एवढी पुरते. शिवाय आपला उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. हवा तापली की विरळ होते. पंधरा अंशांच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशांची हवा सुमारे दहा टक्के पातळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो, विमानाला जास्त धावावं लागतं किंवा वजन कमी घ्यावं लागतं. खान्देशच्या उन्हाचा त्रास माणसाला होतो तसा विमानालाही होतो. इथल्या विमानतळाच्या बाबतीत ही गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

आमचा प्रवास हौसेचा नव्हता. एका संध्याकाळी अण्णा म्हणाले, 'पोरी, डाव्या डोळ्यात विजा चमकतात सारख्या.' सकाळी उठले तर त्या डोळ्याच्या कोपऱ्यातून काळा पडदा सरकत आल्यासारखं दिसत होतं. भुसावळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध घालून बाहुली मोठी केली, बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, 'डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना, सुटायला लागलाय. मधला भाग अजून जागेवर आहे. तो सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर वाचेल. एक-दोन दिवसांत करा.' पुण्याला माझा धाकटा भाऊ असतो. त्याने अर्ध्या तासात तिथल्या सर्जनशी बोलून दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ घेतली. प्रश्न एवढाच उरला, की अण्णांना तिथे पोचवायचं कसं. गाड्यांना वेटिंग. ट्रॅव्हल्सने रात्रभर धक्के खात जायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. मी विमान पाहिलं. पुण्याचं विमान रोज नसतं, आठवड्यातले ठरावीक वारच असतं. दुसऱ्या दिवशी तो वार होता, आणि दोन सीट होत्या.

तो वार नसता तर? आम्ही भाड्याची गाडी करून, उशा लावून, अण्णांना आडवं झोपवून घाटातून नेलं असतं. नेलं असतंच. पण मधल्या त्या रात्री मी झोपले ती केवळ उद्या वार आहे या भरवशावर.

घरून निघालो अकराला. नशिराबाद, मग जळगावची अजिंठा चौफुली, तिथून कुसुंब्याच्या दिशेने. पाऊण तास धरून चालावं, चौफुलीवर अडकलात तर तासही. विमानतळ लहान आहे आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणाऱ्याला हे लहानपण फार मोलाचं वाटतं. गाडीतून उतरल्यापासून बोर्डिंग पास हातात पडेपर्यंत अण्णांना शंभर पावलंही चालावं लागलं नाही. व्हीलचेअर मिळाली, ती नको म्हणाले, शेवटी बसले. विमानाकडे चालतच जायचं असतं. एटीआरमध्ये माणसं मागच्या दारातून चढतात, पुढच्या बाजूला सामान असतं. अण्णा पायरीशी थांबले आणि म्हणाले, 'हे बरंय. गार्डाला मागूनच चढायची सवय.' त्यांच्या चेहऱ्यावर आदल्या दिवसापासून पहिल्यांदा हसू दिसलं.

मी त्यांना उजव्या खिडकीशी बसवलं, कारण उजवा डोळा चांगला होता. या विमानाचे पंख वर असतात, छपराच्या पातळीला, त्यामुळे खिडकीतून जमीन मोकळी दिसते. मोठ्या विमानात पंखच आड येतो. शिवाय ते फार उंच जात नाही. केळीच्या बागांचे गडद हिरवे चौकोन, त्यांच्यामध्ये नांगरलेली काळी शेतं, मग एकदम जमीन उचलून वर यावी तशी अजिंठ्याची रांग. दऱ्या फक्त आपल्या बाजूला; पलीकडे सपाट पठार. खान्देश खाली आणि देश, म्हणजे घाटावरचं पठार, वर आहे हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर आडवा छेद काढून शिकवत आले. ते डोळ्यांनी एका नजरेत पाहिलं तेव्हा शेजारी वर्ग बसलेला असावा असं वाटलं.

पठार लागल्यावर अण्णा खिडकीला नाक लावून रूळ शोधत होते. बऱ्याच वेळाने नदी आली, रुंद, अर्धी वाळूची. 'गोदावरी,' मी म्हटलं. ते म्हणाले, 'ती असेल. पण तो पूल बघ. मनमाड-दौंड लाइन. पुणतांबा.' एक डोळा झाकलेला माणूस, खाली काही हजार फूट, आणि त्याने पूल ओळखला.

गार्डाची डायरी सुटत नाही. खिशातल्या छोट्या वहीत त्यांनी वेळा टिपल्या होत्या: दार बंद, चाक हललं, उडालं, टेकलं, थांबलं. चाक हलल्यापासून थांबेपर्यंत ६४ मिनिटं. त्यातली हवेतली ५१. म्हणजे हवेतला सरासरी वेग ताशी पावणेचारशेच्या आसपास. तिकिटावर लिहिलेली वेळ ही चाक हलण्यापासून चाक थांबण्यापर्यंतची असते, हेही इथे सांगून ठेवते. नेटवरची पंचवीस मिनिटं आणि तिकिटावरचा तास यातला सगळा फरक अण्णांच्या त्या पाच ओळींत आहे.

लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, तिथे त्यांच्या लढाऊ विमानांचीही ये-जा चालते. सामान यायला वेळ लागला आणि तिथून कोथरूडच्या बाजूला जायला तास गेला. पुण्याच्या रस्त्यावरचा तो तास आणि विमानातला तास सारखाच, फक्त त्यातून आम्ही वीस किलोमीटरही गेलो नसू. दवाखान्यात पोचलो तेव्हा चारला दहा कमी होती. घराच्या उंबऱ्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत पाच तासांच्या आत. रेल्वेने नुसता गाडीतला प्रवासच आठ-नऊ तासांचा, ट्रॅव्हल्सने त्याहून थोडा जास्तच. अमळनेरच्या मावशीला फोन केला तर ती म्हणाली, 'इतली लवकर पोचनी का वं माय?' तिचा विश्वास बसेना, मग अण्णांनीच फोन घेऊन तिला वहीतल्या वेळा वाचून दाखवल्या.

म्हणून कोणी वेळ विचारली की मी ६४ मिनिटं सांगत नाही. मी सांगते, पाच तास धरा, आणि आधी वार बघा.

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. मधला भाग वाचला. परतीच्या वेळी मात्र विमान नव्हतं, आणि त्याचं कारण वाराचं नव्हतं. पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा भरतात. तो हळूहळू विरतो. कुठला वायू भरला त्यावर कधी दोन-तीन आठवडे लागतात, कधी त्याहून बरेच जास्त. तो असेपर्यंत विमानप्रवास पूर्ण बंद. अण्णांच्या मनगटावर तसा पट्टाच बांधला होता. विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्याइतका ठेवत नाहीत, तो आठ हजार फूट उंचीवर असतो तितका उतरू शकतो, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या पाऊण पट. दाब कमी झाला की बुडबुडा फुगतो, तिसऱ्या हिश्श्याने तरी. डोळ्याला फुगायला जागा नाही. आतला दाब एवढा वाढतो की रक्तपुरवठा थांबून वाचवलेली नजर कायमची जाऊ शकते. ज्यांच्या घरी पडद्याचं ऑपरेशन होणार आहे त्यांनी हे कृपा करून लक्षात ठेवा, आणि तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा. छोटा प्रवास आहे, विमान उंच जात नाही, म्हणून चालेल, असं घरच्या घरी ठरवू नका.

डॉक्टरांनी मला घाटाबद्दलही विचारलं. मला बरं वाटलं. उंची हा माझा विषय. पुणे साडेपाचशे मीटरच्या वर, अहिल्यानगर साडेसहाशेच्या आसपास, आणि तिथून भुसावळ दोनशेच्या जवळ. म्हणजे वाटेत पुण्याहून शंभरेक मीटर जास्त उंची, आणि पुढे थोडेफार चढउतार सोडले तर एकूण उतारच. उतरताना दाब वाढतो, बुडबुडा आकसतो. त्यांनी कागदावर ते लिहून घेतलं, ठरलेले दिवस भावाकडे राहायला सांगितलं आणि मग रेल्वेने जायला परवानगी दिली. महाराष्ट्र एक्स्प्रेसची खालची बर्थ मिळाली. पुणतांब्याचा पूल आला तेव्हा अण्णा कुशीवर वळले आणि म्हणाले, 'वरून अगदी काडीएवढा दिसत होता.'

आता थोडं मनातलं. जळगावच्या विमानतळाची जुनी धावपट्टी १९७३ सालची. नव्या रूपात त्याचं उद्घाटन मार्च २०१२मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं, आपल्याच जिल्ह्याच्या. त्यानंतर कित्येक वर्षं तिथे नियमित प्रवासी विमान नव्हतं. २०१६ साली छोट्या शहरांना विमानाने जोडणारी केंद्र सरकारची उडान योजना आली, तासाभराच्या प्रवासाला, निम्म्या जागांवर, अडीच हजारांच्या भाड्याची मर्यादा ठरली, आणि २०१७च्या डिसेंबरात मुंबईचं छोटंसं विमान सुरू झालं. ते बंद पडलं. २०१९मध्ये पुन्हा सुरू झालं, मग कोविड. २०२४पासून गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी नावं फलकावर दिसू लागली. दरवेळी पेपरात फोटो येतात, पेढे वाटले जातात, आणि दरवेळी माझ्या ओळखीचे लोक विचारतात, 'किती दिवस चालेल?' या प्रश्नात सगळं आलं. माणूस प्रवासाची सवय लावून घेतो ती भरवशावर. महाराष्ट्र एक्स्प्रेस रोज आहे, उद्याही असेल, म्हणून लोक तिच्या वेळेवर लग्नं ठरवतात, पोरांचे प्रवेश ठरवतात. विमान आठवड्यातले काही वार असेल आणि ते वारही वेळापत्रकाबरोबर बदलत असतील, तर घाईच्या कामाला ते मिळालं तर मिळालं. आणि विमान तर घाईच्या कामासाठीच हवं असतं.

मला विचाराल तर जळगावला नव्या शहरांची नावं वाढवण्याआधी पुणे आणि मुंबई ही दोन विमानं रोज हवीत. सकाळी जाणारं, संध्याकाळी परत आणणारं. दवाखाना, कोर्ट, मंत्रालय, मुलाखत, सगळी कामं दिवसाची असतात. मुंबईचं सरळ अंतर साधारण ३५५ किलोमीटर. पुण्याहून थोडंच जास्त, पण तिथल्या आकाशात गर्दी, उतरायला थांबावं लागतं, म्हणून वेळ थोडा वाढवून धरा. तरी सकाळी निघून रात्री घरी झोपता आलं, तर रावेरच्या केळीवाल्यालाही परवडेल आणि जळगावच्या सराफालाही.

हे सगळं खान्देशासाठी म्हणून लिहिलं तरी सगळ्या खान्देशाला लागू नाही, हेही सांगायला हवं. धुळेकर पुण्याला निघाला तर मालेगाव-मनमाड रस्त्याने सरळ दक्षिणेला जातो. जळगावचा विमानतळ गाठायला त्याला नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर पूर्वेला यावं लागेल, म्हणजे उलट्या दिशेला. त्याला हे विमान कामाचं नाही. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. नंदुरबारचा माणूस सुरतकडे बघतो, दवाखान्यालाही आणि विमानालाही. जळगावचं विमान खरं कामाचं भुसावळ, यावल, रावेर, बोदवड, जामनेर, मुक्ताईनगर या पट्ट्याला. आणि बऱ्हाणपूरकडच्या लोकांनाही. राज्य वेगळं असलं तरी त्यांना इंदूरपेक्षा जळगावच जवळ.

रावेरच्या एका ताईंनी परवा विचारलं, की सासूबाईंना पुण्याला दाखवायचं आहे, घरून किती वाजता निघू. त्यांना सांगितलेलंच इथे लिहिते. विमानाच्या वेळेच्या एक तास आधी काउंटर बंद होतं, तेव्हा दीड तास आधी पोचायचं ठरवा. रावेरहून सावदा, फैजपूर, भुसावळ करत दोन तास धरा, केळीच्या हंगामात ट्रकांच्या रांगा असतात म्हणून वर अर्धा तास. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा. सासूबाईंची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, लोणच्याची बरणी मात्र मोठ्या बॅगेत, ती हातात घेऊन जाऊ देत नाहीत. परतीचं तिकीट डॉक्टरांशी बोलल्यावरच काढा. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी विमान आहे ना, याची फोन करून खात्री करून घ्या.